चिऱ्यामातीचं जुनं घर खचलंय? पाडायच्या आधी हे करून बघा (गोव्यातल्या घरांसाठी, पायरी पायरीने)

दर पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट आला की सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण, कुठे ना कुठे मातीची भिंत पडल्याची बातमी असतेच आणि मग त्या गावातले बाकीचे लोकपण आपापल्या घराकडे संशयाने बघायला लागतात, भिंतीला भेग दिसली की झालं, "जुनं झालंय, पाडूया, स्लॅबचं बांधूया". माझं म्हणणं एवढंच की बहुतेक वेळा घर जुनं झालं म्हणून पडत नाही. पाणी शिरलं म्हणून पडतं, नायतर मधे कोणीतरी सिमेंटने दुरुस्ती केली म्हणून पडतं, आणि या दोन्ही गोष्टी निस्तरता येतात. ताकद देणं म्हणजे भिंतीत काँक्रीट भरणं असं लोकांना वाटतं, पण या घरांना हवी असते ती बांधणी, म्हणजे चार भिंती एकमेकांना धरून राहतील आणि छप्पर त्यांना बाहेर ढकलणार नाही एवढी सोय.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मनोरा सगळ्यांनी बघितलाय. १८३५ मध्ये धार्मिक संघांना बाहेर काढलं, ते सगळं संकुल ओस पडलं, आणि १८४२ मध्ये चर्चचं कमानीचं छत कोसळलं. दोनशे वर्षं टिकलेली इमारत, लक्ष देणारं कोणी उरलं नाही तर सात वर्षांत आत आली. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. म्हणून बंद घर असेल तर हा लेख दोनदा वाचा.

आधी कागद, थोडक्यात

घर सामाईक असेल तर सगळ्या वाटेकऱ्यांची लेखी संमती घ्या, एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढा, पंचायतीकडे किंवा पालिकेकडे दुरुस्तीची परवानगी मागा. घर एएसआयच्या (भारतीय पुरातत्त्व खात्याच्या) संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम बंद आहे पण दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथेही परवानगी लागतेच. पणजीतलं फोंतेंयनाश वगैरे कन्झर्वेशन झोनमध्ये असाल तर वेगळी समिती आहे. हे सगळं पावसात करा, कारण काम करायचे महिने मोजके असतात.

बघणं, म्हणजे नीट बघणं

पावसाळ्यात घर सगळं सांगतं. छत्री घेऊन धो धो पाऊस चालू असताना घराभोवती फिरा, पाणी कुठून पडतं, कुठे साचतं, कुठली पागोळी सरळ जोत्यावर उडते ते बघा आणि मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा. डिसेंबरात आलेल्या इंजिनिअरला हे कधीच दिसणार नाही, त्याला तुमचा व्हिडिओच लागेल.

मग घराचा साधा नकाशा काढायचा, हाताने काढला तरी चालेल, आणि प्रत्येक भिंतीवरच्या भेगा त्यावर उतरवायच्या. भेगेचा आकार आणि दिशा महत्त्वाची. कोपऱ्यात उभी भेग वरून रुंद होत खाली बारीक होत असेल तर दोन भिंती एकमेकांपासून सुटतायत. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या पायऱ्यांनी तिरकी गेलेली भेग म्हणजे बहुधा खाली पाया बसतोय, तिथे बाहेर जाऊन बघा, नक्की एखादं गटार, फुटलेला नळ किंवा नवी खणलेली सोकपिट (शोषखड्डा) सापडेल. छपराखाली आडवी भेग असेल तर वासे भिंतीला बाहेर ढकलतायत. आणि भेग नसून भिंतीला पोट आलं असेल तर ते सगळ्यात वाईट, कारण चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंतीत बरेचदा आतला थर आणि बाहेरचा थर वेगळा असतो, मधे माती आणि तुकडे, ते खाली बसले की दोन्ही थर बाजूला फुगतात. बोटांच्या सांध्याने किंवा लाकडी हातोडीने टकटक करत जा, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो.

ओळंबा सोडून भिंत किती कलली ते मोजा. साधारण नियम असा की कल किंवा फुगवटा भिंतीच्या जाडीच्या सहाव्या भागाच्या पुढे गेला, म्हणजे ६० सेंमी भिंतीला १० सेंमी, तर घरातली माणसं त्या खोलीतून बाहेर काढायची आणि आजच्या आज इंजिनिअर बोलवायचा.

भेग जुनी की चालू हे ओळखायला भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. त्याहून बरं म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंना एक एक छोटा स्क्रू बसवून कॅलिपरने मधलं अंतर महिन्याला एकदा मोजायचं, म्हणजे किती हलली तेपण कळतं. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा मोजायला हवं, कारण मातीच्या भिंती ओलाव्याने थोड्या हलतातच आणि तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

लाकडाला टोच्याने टोचून बघा, मुख्यतः वाशांची आणि तुळयांची जी टोकं भिंतीत घुसलेली असतात ती. मधला भाग लोखंडासारखा टणक आणि भिंतीतलं टोक भुसा झालेलं, हे फार घरांत सापडतं. बाहेरून रंग दिलेला असतो म्हणून कळत नाही.

टेके, घाई असेल तर हे सगळ्यात आधी

पडायला आलेल्या भिंतीला तिरके टेके द्यायचे, साधारण ६० ते ७० अंशात, वरचं टोक छप्पर किंवा माळा जिथे भिंतीवर बसतो त्या उंचीला आणि भिंतीवर जाड फळी ठेवून मगच, म्हणजे टेका एका चिऱ्यात घुसत नाही. खालीही तेच, टेका शेणाच्या जमिनीवर नायतर कोब्यावर नुसता उभा केला तर पहिल्या पावसात तो खाली जाणार, जाड लाकडी फळी आडवी घालून भार पसरायचा. तुळईखाली सेंटरिंगचे लोखंडी जॅक चालतात पण जॅक फिरवून तुळई वर उचलायचा प्रयत्न करू नका, नुसता टेकवायचा, कारण वर्षानुवर्षं वाकलेली तुळई एका दिवसात सरळ केली की भिंत फाटते. छपरावर ताडपत्री, भिंतीच्या उघड्या डोक्यावर ताडपत्री. मातीची भिंत वरून भिजली की वाचत नाही.

पाणी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. राजांगणाच्या, म्हणजे मधे उघडं अंगण असलेल्या घराचा हिशोब करा, चारी बाजूंचं छपराचं पाणी आत पडत असेल आणि ते छप्पर १०० चौरस मीटर असेल तर चार महिन्यांत ३ लाख लिटर पाणी त्या अंगणातून एकाच मोरीतून बाहेर जायला हवं. ती मोरी घराच्या खालून जाते, तिच्यात तुळशीची माती आणि पानं साचलेली असतात, वरून कधीतरी कोणी टाइल्स घातलेल्या असतात. ती तुंबली की पाणी मधल्या भिंतींच्या पायात मुरतं आणि लोक बाहेरच्या भिंतींवर वॉटरप्रूफिंग मारत बसतात. पहिली ती मोरी उघडा, साफ करा, उतार तपासा, गरज असेल तर मोठा पाइप टाका.

बाहेरच्या बाजूला बघा की अंगण कालांतराने वर आलंय का. रस्ता उंच झाला, अंगणात पेव्हर घातले, आणि जोतं जे पूर्वी दोन फूट होतं ते आता सहा इंच उरलं, असं बहुतेक गावांत झालंय. शक्य तिथे माती खाली न्या, नसेल जमत तर भिंतीपासून थोडं लांब उथळ चर काढून त्यात खडी आणि भोकांचा पाइप घालून पाणी उताराला लावा. चर जोत्याला चिकटून खोल खणू नका, पायाच सुटेल. भिंतीला लागून केलेली सिमेंटची पट्टी काढून टाका, तिच्याखालचा ओलावा बाहेर जायला वाट मिळत नाही म्हणून तो भिंतीत चढतो. पागोळीला पन्हळ लावा आणि ती चतुर्थीच्या आधी नाही, जूनच्या आधी साफ करा.

भिंतीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर तो ओढून काढू नका. मूळ चिऱ्यांच्या सांध्यांत पसरलेलं असतं, ओढलं की भिंत सोबत येते. वरून कापा, बुंध्याला मारायचं औषध लावा, पूर्ण मेल्यावर सांधे उघडून जेवढं निघेल तेवढं काढा आणि पोकळी चुन्याने भरा.

सिमेंटचा गिलावा काढणं

याच्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर जाऊ देतो, सिमेंटचा देत नाही, मग ओलावा आतच राहतो, वर चढतो, मातीची भिंत असेल तर गिलाव्यामागे तिचा चिखल होतो आणि बाहेरून भिंत मस्त गुळगुळीत दिसत असते. प्लास्टिक पेंटचंही तेच, ओल्या भिंतीवर चतुर्थीसाठी ऑगस्टमध्ये रंग मारला की दिवाळीपर्यंत फुगे.

पण म्हणून चिरा उघडा ठेवायचा का? अजिबात नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकाचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, लाल चिरा उघडा पडला, आज लोकांना तो तसाच ओळखीचा आहे पण पावसाने चिरा झिजतोय आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. रिसॉर्टवाल्यांचं बघून लोक आता घराचा गिलावा काढून चिरा पॉलिश करतात, पश्चिमेच्या पावसाच्या बाजूला हे करू नका.

सिमेंट काढताना छिन्नी-हातोडी वापरा, ब्रेकर मशीन नको. एकदम सगळ्या घराचं काढू नका, तुकड्या तुकड्यांनी, कारण कधी कधी तो गिलावाच सैल चिरे धरून असतो. काढल्यावर भिंत सुकू द्या, ऑक्टोबरात काढून जानेवारीपर्यंत नुसती ठेवा, दोन फुटी भिंतीला तेवढा वेळ लागतो, कधी जास्तही. पांढरी पावडर येते ते मीठ, कोरड्या ब्रशने झाडून बाहेर फेकायचं, पाण्याने धुतलं तर ते परत आत जातं.

चुना

चुनकळी आणून विझवत असाल तर आधी पाणी आणि मग त्यात चुनकळी थोडी थोडी, उलटं कधीच नाही, उकळतं पाणी उडतं आणि डोळ्यात गेलं तर डोळा जातो, गॉगल आणि हातमोजे घालूनच. विझवलेला चुना पाण्याखाली जितका जास्त मुरेल तितका चांगला, महिनाभर तरी. आमच्याकडे पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजायचे, अजून कुठे मिळाला तर उत्तम, नाही तर बाजारातला चांगला चुना चालतो, पण पानाच्या डब्यातला नव्हे आणि जुनी हवा लागलेली पोती नव्हेत. वाळू नदीची, धुतलेली. समुद्राची वाळू म्हणजे मीठ विकत घेऊन भिंतीत घालणं.

चिणायला १ भाग चुना ३ भाग वाळू. बाहेरच्या गिलाव्याला आणि ओलसर जागी विटांची सुरखी (पूड) घालायची, साधारण १ चुना १ सुरखी २ वाळू, सुरखीमुळे तो ओल्यातही धरतो. एक थर १० ते १२ मिमीपेक्षा जाड नको, आधी भिंत भिजवा, थर घट्ट दाबा, नंतर ओली गोणपाटं लावून आठ-दहा दिवस ओलसर ठेवा. उन्हात आणि वाऱ्यात पटकन सुकलेला चुना भुगा होतो. गवंडी म्हणेल "थोडं सिमेंट टाकूया, लवकर धरतं", नको म्हणा. आधी एक मीटर भाग करून दाखवायला सांगा आणि तो महिनाभर बघा, पसंत पडला तर पुढे.

भिंत शिवणं

चिऱ्याच्या भिंतीतली रुंद भेग नुसती बुजवली तर पुढच्या वर्षी बाजूला उघडते. दोन्ही बाजूंचे फुटलेले चिरे एक आड एक थर काढायचे आणि भेग ओलांडून जाईल असा अखंड चिरा चुन्यात बसवायचा, खालून वर, एका वेळी एकच चिरा, आधीचा धरल्याशिवाय पुढचा काढायचा नाही. चिरा निवडताना पिवळ्या मातीचे पट्टे असलेला आणि नखाने कुरतडता येणारा परत पाठवा. भारतीय मानक ३६२० मध्ये चिऱ्याला किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी दाबशक्ती मागितली आहे, मोठं काम असेल तर खाणीतले नमुने टेस्ट करून घ्या.

बारीक भेगांना सांध्यात स्टेनलेस स्टीलचे पिळाचे बार घालता येतात, सांधा तीन-चार सेंमी खोल साफ करून भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर जाईल एवढा बार, वर चुना. साधी सळई नको, गंजली की फुगते आणि चिरा फोडते.

पोट आलेल्या भिंतीला आरपार दगड लागतात, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकत्र धरणारे. मानकांतला आकडा लक्षात ठेवा, उंचीत दर ६० सेंमीला आणि आडवं दर १.२ मीटरला एक. जुन्या भिंतीत भोक हळूच हाताने करायचं आणि लांब दगड किंवा आकडे वळवलेली स्टेनलेस सळई चुन्यात बसवायची. मग आतली पोकळी पातळ चुन्याने भरायची, त्याला ग्राउटिंग. अर्ध्या अर्ध्या मीटरवर नळ्या बसवा, सांधे बाहेरून बंद करा, सगळ्यात खालच्या नळीतून सुरू करून वरच्या नळीतून बाहेर आलं की खालची बंद. दाब जवळजवळ नकोच, डोक्याच्या उंचीवर बादली धरून फनेलने सोडलं तरी पुरतं. पंपाच्या जोराने भरलं तर भिंत फुगून बाहेर पडेल. एका दिवसात एक मीटर उंचीपेक्षा जास्त भरू नका.

मातीच्या भिंतीला हे ग्राउटिंग जसंच्या तसं करायचं नाही, एवढं पाणी तिला झेपत नाही. तिथे भेग उघडून मातीच्या सुकलेल्या विटा आडव्या बसवायच्या, त्याच भिंतीची पडलेली माती चाळून, थोडा भुसा नायतर गवत घालून, मळून, आठवडाभर मुरवून.

बांधणी

२०१६ च्या भूकंप मानकात गोवा झोन ३ मध्ये आहे, आपल्याला भूकंप आठवत नसले तरी. आणि भूकंप सोडा, सुटलेल्या कोपऱ्यांना वारा आणि छपराचं ढकलणंपण पुरतं.

चिऱ्याच्या घराला टाय रॉड हा माझ्या मते सगळ्यात चांगला, कमी खर्चाचा आणि परत काढता येणारा उपाय. छपराच्या पातळीखाली समोरासमोरच्या भिंतींतून स्टेनलेस रॉड घालायचा, शक्यतो आडव्या भिंतीच्या दोन्ही अंगाला एक एक, बाहेरून जाड प्लेट आणि नट. हाताने घट्ट करून त्यापुढे थोडासा ताण, बस, कलती भिंत ओढून सरळ करायचं काम त्याला देऊ नका. जाडी आणि प्लेटचा आकार इंजिनिअरकडून काढून घ्या, कारण प्लेटखालचा चिरा चिरडला जाऊ नये हे बघावं लागतं.

मातीच्या भिंतीला लाकडी पट्टा. ७५ बाय ३८ मिमीच्या दोन समांतर पट्ट्या भिंतीच्या डोक्यावर सगळीकडे फिरवायच्या, दर ५० सेंमीला ५० बाय ३० ची आडवी पट्टी, कोपऱ्यात नीट जोड, आणि वासे त्यालाच बांधायचे. हे भारतीय मानकांतच आहे, सरकारी इंजिनिअरला दाखवता येतं. आरसीसीचा जड बीम मातीवर ठेवू नका. आणि स्लॅब तर नाहीच, १२ सेंमी स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलो, कौलं साधारण ४० किलो आणि वर लाकूड. ज्या भिंतीने शंभर वर्षं कौलं उचलली तिच्यावर एवढा बोजा घालून मग "भिंत कमकुवत होती" म्हणणं अन्याय आहे.

छप्पर

जानेवारी ते एप्रिलमध्येच उघडा, आणि एका वेळी एकच बाजू. कौलं उतरवताना नंबर घालायची गरज नाही पण फुटकी वेगळी करा, जुनी मंगलोरी कौलं टिकवा, नव्यांत त्या मापाची मिळत नाहीत आणि एकत्र बसत नाहीत. ज्यांच्याकडे काचेऐवजी शिंपा बसवलेल्या खिडक्या आहेत त्यांनी एकही शिंप फेकू नये, त्या शिंपेचा प्राणी आता कायद्याने संरक्षित आहे.

कुजलेल्या टोकासाठी अख्खी तुळई बदलायला लागत नाही. चांगल्या लाकडापर्यंत कापायचं, तिरका लांब जोड करून त्याच जातीचं लाकूड जोडायचं आणि स्टेनलेस बोल्ट, मेस्त (सुतार) जुना असेल तर त्याला सांगावंही लागत नाही. नवीन टोक भिंतीत बसवताना तिन्ही बाजूंनी बोटभर हवा सोडा आणि खाली चपटा दगड ठेवा. खांबाचा तळ कुजला असेल तर तेवढाच कापून खाली दगडी बैठक द्या. वाळवीसाठी बोरॉनचं द्रावण चांगलं, पण ओलावा तसाच ठेवून नुसतं औषध मारलं तर ती परत येते.

वाशांच्या जोड्यांना मधे आडवं लाकूड नसेल तर घाला, भिंतीला बाहेर ढकलणं तिथेच थांबतं. जिथे माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधतात ती तुळई वेगळी तपासा, चतुर्थीत तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त वजन येतं आणि खाली घरातली सगळी माणसं बसलेली असतात.

पाया, शेवटी मुद्दाम

कारण बरेचदा पाणी वळवल्यावर पाया बसायचा थांबतो आणि काही करावंच लागत नाही. एक वर्ष मोजूनही भेग वाढत असेल तरच पायाखाली काम, आणि तेव्हा एक मीटरच्या तुकड्यांनी, शेजारशेजारचे तुकडे कधीच एकत्र उघडायचे नाहीत, एक भरून धरला की लांबचा दुसरा. हे काम अनुभवी इंजिनिअर साइटवर उभा असल्याशिवाय करू नका.

गवंडी ठरवायच्या आधी त्याने केलेलं चुन्याचं काम दोन पावसाळ्यांनंतर कसं आहे ते जाऊन बघा. रेइश मागुशचा किल्ला बघून या, १९९३ पर्यंत तुरुंग होता आणि नंतर नीट दुरुस्त केलाय. नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पण, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं आणि २०२३ मध्ये दुरुस्तीनंतर परत खुलं झालेलं. गवंड्याला सोबत न्या, भिंतीसमोर उभं राहून बोललं की दोघांनाही कळतं काय हवंय.

काम झाल्यावर फोटो, नकाशे, चुन्याचं प्रमाण, रॉड कुठे आहेत हे सगळं एका फाइलमध्ये घरातच ठेवा, मुलांना दाखवून ठेवा. भेगेवरचे स्क्रू काढू नका, पुढची दोन वर्षं मोजत राहा. मे महिन्यात कौलं फिरवून घ्या, पन्हळ आणि राजांगणाची मोरी साफ, पहिल्या मोठ्या पावसात परत एकदा छत्री घेऊन घराभोवती फेरी. रॉडचे नट ऑक्टोबरात हाताने हलवून बघा, सैल लागला तर लगेच कसू नका, आधी भिंत कुठे हलली ते शोधा.